मशालवालीचा शेवटचा फासा

अन्याय मशालवालीवर झाला. तुळशीचं लग्न लागलं त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी, खालून चहा वर यायच्या आधी. आणि तिच्याबरोबर माझ्या मैत्रिणीवर झाला, जी त्या वेळी तिथे नव्हती.

मी पत्रकं लिहिते. पाण्याची, मजुरीची, बायकांच्या कुलूपबंद संडासांची. ज्या बाईंनी मला पत्रक लिहायला शिकवलं त्या म्हणायच्या, अन्याय कोणावर आणि कधी झाला ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे, दुसऱ्या ओळीपर्यंत लोक कागदात भजी बांधून मोकळे होतात. म्हणून तसं लिहिलं. दुसरी ओळ ही की मशालवाली कागदावरची बाई होती. खेळातली. कोणाला हसायचं असेल तर त्याने हसून घ्यावं, मग पुढे वाचावं.

बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाजाच्या मागच्या गल्लीत दादाचं घर आहे आणि घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली. दादा आमच्यातल्या कोणाचाच खरा दादा नाही. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि तो आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा आहे, एवढ्यावर तो दादा. इंदूरला शिकत असताना हॉस्टेलवर त्याला एका जुन्या इंग्रजी खेळाचं पुस्तक मिळालं. त्याची झेरॉक्स घेऊन तो गावी परत आला आणि खेळायला माणसं शोधायला लागला. त्याला आम्ही तिघं मिळालो. मी, माझी मैत्रीण, आणि तुकईथडचा एक केळीवाला, ज्याला आम्ही भाऊ म्हणतो.

खेळ असा. दादा सांगणार, समोर काय आहे. पायऱ्या आहेत, दार आहे, दाराखालून ओल येतेय. आपण प्रत्येकाने एक माणूस घेतलेला असतो, तो काय करतो ते आपण सांगायचं. जिथे पुढे काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा. बस. पट नाही, सोंगट्या नाहीत, स्क्रीन नाही. एक कागद, एक पेन्सिल, आणि जमिनीखालचा एक किल्ला, जो फक्त बोलण्यात आहे.

नव्या वळणाच्या खेळांत म्हणे माणसं सहजासहजी मरत नाहीत, मेली तरी उठवायची सोय असते. आमचा जुन्या वळणाचा. आमच्यात माणूस दार उघडताना मरतो, जिना उतरताना मरतो, हिरवं पाणी बोटाने चाखून बघताना मरतो. मेला की मेला. त्याचा कागद सुतळीत ओवून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि कोरा कागद घ्यायचा. खिळ्यावरचे बहुतेक कागद भाऊचे. त्याला मोठी तलवार आणि छाती काढून पुढे जाणारा माणूसच आवडतो.

“भाऊ, आज कितवा?” माझी मैत्रीण विचारायची.

“नववा. आणि हा टिकतो बघ. नशीब ह्याचं केळीच्या घडासारखं लोंबून राहिलंय.”

“घड लोंबला म्हणजे कापायला आला ना रे.”

“ताई, तू शुभ बोलत जा ना जरा.”

दोन रिवाज पुस्तकात नव्हते, आमचे होते. एक, जो रविवारी आला नाही त्याचा माणूस तळावर राहणार. किल्ल्याबाहेर आमचा तंबू होता, तिथे तो शेकोटीपाशी बसलेला असणार, सुखरूप. त्याला कोणी आत न्यायचं नाही. दुसरा रिवाज परातीचा. फासा दादाच्या आईच्या जुन्या स्टीलच्या परातीत टाकायचा, म्हणजे खणखणीत वाजतो आणि सगळ्यांना दिसतो. लपवाछपवी नाही. आणि माणूस मरणाच्या दारात असेल तर तो बचावाचा फासा ज्याचा माणूस त्यानेच टाकायचा, उभं राहून. बाकीच्यांनी हात मांडीवर घ्यायचे. कोणी ठरवून केलं नव्हतं हे. पहिल्यांदा भाऊच उभा राहिला होता, घाबरून, आणि मग सगळेच राहायला लागले. आठ वेळा भाऊ उभा राहिला आणि आठही वेळा मान खाली घालून बसला, पण प्रत्येक वेळी फासा त्याचा होता. त्याने कधी तक्रार केली नाही. मला वाटतं, मरण सोसता येतं ते यामुळेच.

आता मशालवाली. माझ्या मैत्रिणीचा पहिला माणूस एक वैद्य होता, तो तिसऱ्याच रविवारी मेला. त्या वेळी किल्ल्यात आमच्याबरोबर रोजाने ठेवलेली एक बाई होती, मशाल धरायला. मैत्रीण म्हणाली, मला नवा माणूस नको, हीच द्या. दादा म्हणाला, अगं हिला प्राण चारच आहेत, हत्यार नाही, एका धक्क्यात जाईल. ही म्हणाली, बघू. दादाने नाव विचारलं. तर म्हणते, “रोजंदारीवालीला कोण नाव विचारतं? मशालवालीच राहू दे.”

ती दोन वर्षं जगली. भाऊचे पैलवान पटापट पडत होते आणि ही चार प्राणांची बाई जगत होती. काठीने फरशी ठोकून बघायची. जमिनीवर पीठ भुरभुरवायची, कोणाची पावलं उमटतात बघायला. दारापाशी थांबून आधी ऐकायची. आणि वाटलं तर सगळ्या शूरवीरांना सरळ म्हणायची, परत फिरू. मी मोर्च्यांत बरेच पुढारी पाहिलेत. परत फिरू म्हणायची हिंमत असलेला अजून पाहायचाय.

मैत्रिणीचे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि मग फुप्फुसांनी त्यांना अंथरुणाला खिळवलं. घरात ती आणि ते, दोघंच. दोन सख्खे भाऊ, एक इंदूरला, एक पुण्याला. आठवडाभर ती शाळेत शिकवायची, घरी बाबांचं सगळं करायची, आणि रविवारी दुपारी शेजारच्या काकूंना बसवून तीन तास गच्चीवर यायची. ते तीन तास तिचे. ती परत गेली की बाबा उशीवरून मान वळवून एकच विचारायचे, “जगली का?”

ती म्हणायची, जगली. मग काय काय झालं ते सांगायची. बाबांनी तिच्या कागदाच्या कोपऱ्यात मशालवालीचं चित्र काढून दिलं होतं, पाठमोरं. मी विचारलं, काका, तोंड का नाही काढलं? म्हणाले, “मशाल धरणारा पुढे असतो. मागच्यांना पाठच दिसते त्याची.”

त्या रविवारच्या आधी चार-पाच दिवस बाबांना दवाखान्यात नेलं होतं. नळ्या, मशीन. तिचे दोन्ही सख्खे भाऊ येऊन पोचले होते. रविवारी सकाळी मैत्रिणीचा मला फोन आला, मी येत नाही आज, तुम्ही खेळा. आम्ही खेळलो. खेळायला नको होतं असं मी म्हणणार नाही. ती स्वतःच खेळा म्हणाली होती आणि दवाखान्यात बसून आम्ही कोणता दिवा लावणार होतो.

किल्ल्यात आम्ही एका खोलीच्या तोंडाशी अडलो होतो. आत अंधार. भाऊच्या नवव्याचे दोन्ही हात ढाल-तलवारीत, माझ्या माणसाचा एक हात मोडलेला. मशाल धरायला कोणी नाही.

भाऊ म्हणाला, “मशालवालीला बोलवू ना तळावरून.”

मी म्हटलं, “ती आलेली नाहीये आज. तळावर राहील.”

“अगं एकच रूम आहे. गये और आये.”

“रिवाज आहे आपला.”

“रिवाज, रिवाज. तू ना ताई, चहात साखर कमी पडली तरी निवेदन देशील.”

मी दादाकडे बघितलं. दादाने नाही म्हणायला हवं होतं, त्याच्या हातात होतं ते. तो पुस्तक चाळत म्हणाला, “जाऊ दे, एकच खोली. तिला काय कळणार आहे.” मी पुन्हा नको म्हटलं. दोघं विरुद्ध एक. भाऊने मशालवालीला पुढे केलं.

तिच्या मालकिणीने काठीने फरशी ठोकली असती. भाऊने नाही ठोकली. तिसऱ्या पावलाला फरशी खचली.

“बचाव,” दादा म्हणाला.

आणि भाऊने बसल्या जागेवरून फासा टाकला. एका हातात मोबाइल होता, केळीची गाडी भरायला आली होती आणि मजूर त्याला फोनवर विचारत होते. उभा राहिला नाही. परात लांब होती म्हणून चटईवरच टाकला. दोन पडले, म्हणजे मेली. खालून चहा आला. मी उठून उभी राहिले, मला आठवतं, पण एकटीच. आणि ज्या फाशासाठी उभं राहायचं तो टाकून झालेला होता.

संध्याकाळी मेसेज आला. बाबा गेले.

ते कसे गेले हे मला तिने नंतर सांगितलं. ती काही खायला म्हणून खाली गेली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मोठ्या भावानेच पाठवलं, जा पोहे खाऊन ये. ती वर येईपर्यंत डॉक्टरांनी विचारलं होतं आणि भावांनी हो म्हटलं होतं. मशीन काढलेलं होतं. दुसरा इलाज नव्हताच, असं ती स्वतः म्हणते. मीही मानते. पण एक प्लेट पोहे संपेपर्यंत थांबता आलं असतं. ज्या मुलीने इतकी वर्षं त्या माणसाचं पाणी, पथ्य, पाठ, सगळं केलं, तिला जिन्यावरून हाक मारायला किती वेळ लागतो?

त्या रात्री दादाने मला आणि भाऊला फोन केला. म्हणाला, मशालवालीचं तिला सांगायचं नाही. मी म्हटलं, आत्ता नकोच, पण तेराव्यानंतर सांगायला पाहिजे. “तुला काळवेळ कळत नाही,” दादा म्हणाला. मी म्हटलं, काळवेळ कळते म्हणूनच तेराव्यानंतर म्हणतेय.  भाऊला आतून लागलं होतं, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तो तुकईथडहून केळीचा घड घेऊन तिच्या दारात गेला होता आणि सुतकाच्या घरी असं काही न्यावं की नाही हे न कळून बाहेरच बाइकवर बसून राहिला होता.

तेरावं झालं. पुढच्या रविवारी ती आपणहून आली. पांढुरकी झाली होती, केस मागे बांधलेले. कोपऱ्यात तिची जागा होती, तिथे बसली. तिच्यासमोर मशालवालीचा कागद ठेवलेला होता. खिळ्यावर तो कधी गेलाच नव्हता. दादाने ठरवून टाकलं होतं की तसं काही झालंच नाही.

“कुठे आहोत आपण?” तिने विचारलं.

“तू तळावरून आत आलीयेस,” दादा म्हणाला. “सगळे भेटलेत.”

खेळ सुरू झाला. दादाने फासा चटईवर टाकला.

“परात कुठंय?”

“आईने पीठ मळायला घेतलीय.”

बाण आला, मशालवालीला लागला नाही. दुसरा आला, तोही नाही. एक अस्वल आलं, ते तिला सोडून दुसरीकडेच गेलं. फासे पडत होते पण दादा पटकन उचलून घेत होता. भाऊ मोठ्याने हसत होता, हसण्यासारखं काही नसताना.

माझ्या मैत्रिणीने पेन्सिल खाली ठेवली. “दादा, आज किल्ल्यात सगळ्यांचे नेम चुकून राहिलेत. अस्वलसुद्धा माझी विचारपूस करून गेलं.”

भाऊ हसायचा थांबला. खालून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला.

“काय झालंय?”

दादाने माझ्याकडे बघितलं, गप्प राहा म्हणून. मी गप्प राहत नसते.

“ती मेलीय,” मी म्हटलं. “तू नव्हतीस त्या रविवारी.”

तिने आधी कागदाकडे बघितलं, मग त्या चित्राकडे. रडली नाही. “मी नव्हते तर ती तळावर होती ना?”

दादा सांगायला लागला. मशाल धरायला कोणी नव्हतं, एकच खोली, फरशी. “पण आपण ते रद्द केलंय. तुला इतकं सगळं... म्हणून म्हटलं हे तरी राहू दे तुझं.”

“फासा कोणी टाकला?”

भाऊने मान खाली घातली. “मी टाकला, ताई.”

“उभा राहिला होतास?”

“नाही.”

 त्यावर ती जे बोलली ते मला रोज ऐकू येतं. तिचा आवाज चढला नव्हता, उलट वर्गात मुलाला समजावताना असतो तसा होता.

“त्या दुपारी बाबांना बोलता येत नव्हतं. पण रविवार आहे हे त्यांना कळत होतं. माझ्याकडे बघत होते. मला समजलं काय विचारतायत. मी म्हटलं, बाबा, मी आज गेले नाही, म्हणजे ती तळावर आहे, शेकोटीपाशी. तिला काही होत नाही. त्यांनी डोळे मिटले. मी खाली गेले. माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं ते.” ती थांबली. “ते खोटं होतं. तुम्ही माझ्याकडून बाबांना खोटं बोलवून घेतलंत.”

दादाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तो उठला, खाली धावत गेला आणि परात घेऊन आला. तिला कणीक लागलेली होती. आई आपणहून पीठ मळत होती की त्याने मुद्दाम मळायला सांगितलं होतं, देव जाणे. शर्टाच्या बाहीने पुसून त्याने ती तिच्यासमोर ठेवली.

“तू टाक. आत्ता. तो फासा धरायचाच नाही. तुझा फासा तू टाक, जे पडेल ते खरं.”

हा न्याय आहे असं मला वाटलं. मी पत्रकात हीच मागणी केली असती. तिने फासा उचलला, उभी राहिली. आम्ही तिघांनी हात मांडीवर घेतले. फासा मुठीत धरून ती खिडकीच्या जाळीतून येणाऱ्या उन्हात उभी होती.

“नाही टाकत,” ती म्हणाली.

“का गं?”

“टाकला आणि ती वाचली तर?” तिने आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. “मग मला घरी जाऊन विचारत बसावं लागेल, की तिथेही मी असते तर.”

तिने फासा परातीत ठेवला. टाकला नाही, ठेवला. वाजला नाही तो.

मग ती खाली बसली आणि म्हणाली, कशी गेली ते सांगा मला. नीट सांगा. आणि तेव्हा कळलं की आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं. ती पडताना काही बोलली का? दादाने ते सांगितलंच नव्हतं. खड्ड्यात कोणी उतरून बघितलं का? नाही, आम्ही काठाकाठाने पुढे गेलो होतो.

“मशाल कोणी उचलली?”

“मशाल...” दादा म्हणाला. “विझली असेल.”

“असेल?” तिने विचारलं.

“मी पण माझ्या भावांना हेच विचारलं होतं,” ती म्हणाली, माझ्याकडे बघून. “शेवटी डोळे उघडले होते का त्यांनी? एक म्हणाला उघडले असतील. दुसरा फोनवर होता.”

तिने भाऊकडे सुतळी मागितली. भाऊने पिशवीतून काढून दिली, केळीचे घड बांधायची असते ती, जाड. तिने कागदाला भोक पाडलं, चित्राला धक्का लागणार नाही असं, आणि खिळ्याला अडकवायला उठली. ती उठली तसा भाऊ उभा राहिला. मग दादा. मग मी.  भाऊ लहान पोरासारखा रडत होता, तोंड न लपवता. तिने कागद अडकवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, “तुझ्या नवव्याला जप रे,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ती पुन्हा आली नाही. रागावून नाही. मी तिच्याकडे जायची, आम्ही राजघाटावर जाऊन तापीच्या पायऱ्यांवर बसायचो, शाळेचं, भाज्यांचं बोलायचो. खेळाचं तिने कधी काढलं नाही, मीही नाही. मग उन्हाळ्यात ती इंदूरला मोठ्या भावाकडे राहायला गेली. इथलं घर भाड्याने दिलंय. मी विचारलं, तुला जायचंय का? म्हणाली, “ठरलंय.” कोणी ठरवलं ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं, आणि तिला निघायच्या दिवशी त्याचं उत्तर द्यायला लावणं मला बरं वाटलं नाही.

भाऊचा नववा अजून जिवंत आहे, पण तो पुढे जात नाही. दारापाशी थांबतो, ऐकतो, काठीने फरशी ठोकतो. तलवार विकून त्याने मशाल घेतलीय. कोपऱ्यातली जागा आम्ही रिकामी ठेवतो. मी इतकी पत्रकं लिहिलीत, त्यातलं एकही मला इतकं जड गेलं नाही, कारण यात कोणी दुष्ट माणूस नाही. दादाने दयेपोटी केलं, भाऊने घाईत केलं, त्या दोन भावांनी नाइलाजाने केलं. सगळे भले. आणि तरी एका बाईचं सगळं तिच्या पाठीमागे उरकून झालं.

म्हणून हे तुमच्या हातात देतेय. यात भजी बांधू नका. आज तुमच्या घरात, दवाखान्याच्या जिन्यात, सोसायटीच्या बैठकीत, कोणाबद्दल तरी ठरवायला तुम्ही बसला असाल. आजूबाजूला बघा. जिच्याबद्दल ठरतंय तिची जागा रिकामी असेल तर हातातला फासा खाली ठेवा. उठा, जिन्यात जा, तिला हाक मारा. ती वर येईपर्यंत थांबा.